कात्रजचे टोक

म्हैसूरहून टी. नरसीपूरमार्गे निघालेली बस तलकाडला येऊन थांबते. पुढे रस्ता आहे, पण बहुतेक उतारूंच्या दृष्टीने तो तिथेच संपतो. पलीकडे कावेरी आणि अलीकडे वाळू. कार्यालयीन कामानिमित्त म्हैसूरला आलो असता एक रविवार मोकळा मिळाला आणि बऱ्याच वर्षांची इच्छा पूर्ण करण्यासाठी मी ही वाट धरली. थांब्यावर चहाचे एक दुकान, केळी विकणाऱ्या दोन बाया, आणि गावाच्या आतल्या वाड्यांकडे जाणाऱ्या रिक्षा. वाहकाने मला सांगितले की परतीची गाडी दहा मिनिटांनी सुटेल, पण देवळाकडून येणारी माणसे दिसत असतील तर तो थोडे थांबतो. ही एवढी साधी गोष्ट मी तेव्हा मनावर घेतली नाही.

तलकाड ही पश्चिम गंगांची राजधानी. पुढे अकराव्या शतकाच्या आरंभी चोळांनी ती घेतली आणि तिचे नाव राजराजपूर केले. होयसळ विष्णुवर्धनाने ती परत जिंकली, 'तलकाडुगोंड' म्हणजे तलकाड घेणारा अशी पदवी धारण केली आणि १११७ च्या सुमारास कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. इतक्या राजवटींनी ज्या नगरासाठी रक्त सांडले, ते आज वाळूच्या टेकड्यांखाली आहे. वैद्येश्वर, पाताळेश्वर, मरुळेश्वर अशा देवळांकडे जाताना पायांखाली समुद्रकिनारा असल्याचा भास होतो. पंचलिंगदर्शनाचा योग काही वर्षांनी एकदा येतो. २००९, २०१३ आणि २०२० साली तो झाला. त्या वेळी साचलेली वाळू उपसून वाट करावी लागते.

या वाळूचे कारण कोणालाही विचारा, शाप असे उत्तर मिळते. १६१० साली राजा वडियारांनी श्रीरंगपट्टण घेतले. विजयनगरच्या तिथल्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा दागिने घेऊन तलकाडकडे आली. पाठलाग होताच तिने कावेरीत उडी घेतली आणि जाताना तलकाडची वाळू होवो, मालंगीला भोवरा पडो आणि म्हैसूरच्या राजांना वारस न लाभो असा शाप दिला, अशी कथा आहे. भूशास्त्राच्या अभ्यासकांनी मात्र दुसरीकडे बोट दाखवले आहे. चौदाव्या शतकात विजयनगरच्या माधवमंत्र्याने तलकाडच्या वरच्या बाजूस कावेरीवर बंधारा घातला. शेतीला पाणी मिळाले, पण नदीच्या वळणावरील प्रवाह उथळ झाला, वाळूचे पट्टे उघडे पडले, आणि नैर्ऋत्येचा वारा ती वाळू वर्षानुवर्षे गावावर आणून टाकत राहिला. म्हणजे शापाच्या आधी दोन-अडीच शतके एक सार्वजनिक बांधकाम झालेले होते. ते वाईट हेतूने झालेले नव्हते, आजही ते शेती भिजवते. वाळू कुठे जाईल याचा हिशेब मात्र कोणी केला नव्हता.

परतीच्या गाडीत एक मराठी कुटुंब भेटले. गृहस्थ म्हैसूरला गेली वीसएक वर्षे नोकरीला, मूळचे पुण्याचे. मराठी ऐकून त्यांनी आपणहून ओळख करून घेतली. दिवाळीला पुण्याला जाण्याचा बेत निघाला आणि ते म्हणाले, "रात्रीच्या खासगी बसने निघतो, पहाटे कात्रजला उतरतो. त्यापुढे घरी पोचेपर्यंत जो त्रास, तो सगळ्या प्रवासात होत नाही. साहेब, त्या बीआरटीचा शापच लागलाय आमच्या पुण्याला."

शाप हाच शब्द त्यांनी वापरला. सबंध दिवस शापाच्या गावात घालवून आलेल्या माणसाला तो खटकणारच.

कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाला कात्रजची ओळख करून देण्याची गरज नाही. बेळगाव, हुबळी, बंगळूर, म्हैसूर या बाजूने पुण्यात शिरणाऱ्या कित्येकांना पुण्याचे पहिले दर्शन कात्रजचे घडते. खूप जुन्या काळापासून ही पुण्याची दक्षिणेकडची वेस आहे. शायिस्तेखानावरील छाप्यानंतर कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगली सैन्याला चकवल्याची आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. तिचा ऐतिहासिक आधार काहीही असो, तिच्यातील एक गोष्ट खरी आहे. पुण्यातून दक्षिणेकडे जायचे म्हणजे कात्रजचा घाट, हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून तर हुलकावणी कात्रजची.

कात्रजची दुसरी कीर्ती पाण्याची. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत भूमिगत नळ आणला गेला. अंतर सुमारे दहा किलोमीटर. पाणी केवळ उताराने वाहत आणलेले. वाटेत हवा खेळण्यासाठी आणि गाळ बसून तो काढता यावा यासाठी ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवलेले. माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल असे हे दगडी बांधकाम आहे. या योजनेचे कौतुक करताना आपण तलावाचे आणि नळाचे करतो. मला प्रशासक म्हणून अधिक मोलाचे वाटतात ते शहरातील हौद. नळ वाड्यापाशी संपवून टाकणे सोपे होते, कारण खर्च करणाऱ्याचे पाणी त्याच्या वाड्यात पोचले की त्याचे काम झाले. तसे न करता पेठांतून हौद बांधले गेले, आणि ज्याच्या दारात नळ नव्हता त्यालाही घागर भरता आली. वाहिनी बांधताना ती कुठे आणि कोणासाठी संपते याचा विचार त्या काळच्या माणसांनी केलेला होता.

अडीचशे वर्षांनी जवळपास त्याच दिशेने दुसरी वाहिनी बांधायला घेतली गेली, या खेपेस माणसे वाहून नेण्यासाठी.

मधला इतिहास थोडक्यात सांगतो. पुण्यातील शहर बससेवा आधी सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीकडे होती. १९५० साली महापालिकेने ती हाती घेतली आणि पीएमटी जन्माला आली. पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ ची. त्या काळातले पुणे सायकलींचे होते. मग स्कूटर आली, मग मोटारसायकल, आणि बस ही ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याची सोय होऊन बसली. २००५ च्या डिसेंबरात केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. २००६ साली राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आले. त्यात रस्त्याची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना वाटून देण्याचे सूत्र होते. सरकारी धोरणात इतके स्पष्ट वाक्य क्वचित सापडते. अभियानात पुण्यासारख्या शहराला प्रकल्पखर्चाच्या निम्मा वाटा केंद्राकडून, वीस टक्के राज्याकडून आणि उरलेला स्वतः उभा करायचा, अशी रचना होती. पुणे तयारीत होते. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर हा सुमारे साडेसोळा किलोमीटरचा पथदर्शी मार्ग सुरू झाला. देशातील ही पहिली बीआरटी. दहा महिन्यांनी पीएमटी आणि पीसीएमटी यांचे विलीनीकरण होऊन पीएमपीएमएल अस्तित्वात आली. म्हणजे मार्ग आधी आणि तो चालवणारी एकसंध संस्था मागाहून, असा क्रम झाला.

पुढे काय झाले ते पुणेकर जाणतात. मार्गिका चौकांजवळ आणि पुलांजवळ तुटत होत्या. त्यात दुचाकी घुसत होत्या. तिकीट बसमध्येच काढायचे असल्याने थांब्यावरचा वेळ वाचत नव्हता. फलाट आणि बसची पायरी यांची उंची जुळत नव्हती. रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्याकडे धावत जाताना अपघात झाले, काहींचे प्राण गेले. या सर्व त्रुटींवर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहिले गेले आणि ते योग्यच होते. एका त्रुटीवर मात्र फारसे लिहिले गेले नाही. कात्रज आणि हडपसर ही या मार्गाची दोन टोके. तिथे एका बसमधून उतरून छपराखालीच, त्याच तिकिटावर, दुसऱ्या बसमध्ये चढता येईल असे बंदिस्त अदलाबदल-स्थानक प्रकल्पासोबत उभे राहिले नाही. टोक म्हणजे बस वळवण्याची जागा, एवढाच त्याचा अर्थ राहिला.

याने बिघडते काय, असे कोणी विचारील. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला गणित केल्यावाचून चैन पडत नाही, तेव्हा वाचकांनी थोडी सवलत द्यावी. साडेसोळा किलोमीटरच्या मार्गावर बस ताशी १५ किलोमीटर वेगाने धावते असे धरा. एका दिशेला ६६ मिनिटे लागतील. स्वतंत्र मार्गिकेने वेग २० वर नेला तर सुमारे ५० मिनिटे. जाऊन-येऊन तेहतीस मिनिटांची बचत. मार्गिकेवर जे कोट्यवधी खर्च झाले ते या तेहतीस मिनिटांसाठी. आता दोन्ही टोकांना विश्रांतीची दहा-दहा मिनिटे धरली तर एक पूर्ण फेरी दोन तासांची होते, आणि दर चार मिनिटांना बस सोडायची तर तीस बसगाड्या पुरतात. परंतु टोकाशी जागा नाही, बस भर चौकात वळते, तिथल्या गर्दीत अडकते, आणि प्रत्येक टोकाला आणखी दहा मिनिटे जातात असे समजा. मार्गिकेने कमावलेल्या तेहतीसपैकी वीस मिनिटे गेली. आता त्याच सेवेसाठी पस्तीस बस लागतील. त्या नसतील तर प्रवाशाची प्रतीक्षा वाढेल. हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली दाखवून दिले की बससेवेच्या खर्चात प्रवाशाने थांब्यावर घालवलेला वेळही धरावा लागतो. बस वाढल्या की प्रत्येकाची प्रतीक्षा घटते, प्रवासी वाढतात, आणि मग आणखी बस परवडतात. हे चक्र उलटही फिरते, आणि ते सहसा टोकापासून फिरू लागते.

शिवाय माणसाचा प्रवास कात्रजला संपत नाही. २००६ सालीच कात्रज ही शहराची हद्द राहिलेली नव्हती. आंबेगाव, नऱ्हे, कोंढवा या बाजूंना वस्ती पसरली होती. सातारा रस्ता, कोंढव्याचा रस्ता आणि बाह्यवळण मार्ग यांच्या सांध्यावरचा हा चौक. खेड-शिवापूर आणि भोरकडून येणाऱ्या एस.टी., वडाप जीप, रिक्षा, आणि रात्री दक्षिणेकडे जाणाऱ्या आरामबस, सगळ्यांची इथे गाठ पडते. म्हणजे नकाशावर जे टोक दिसत होते ते व्यवहारात मध्यबिंदू होते. एकदा सुटीवर असताना मी या चौकात अर्धा तास उभा राहिलो होतो. बसमधून उतरलेल्या दहा माणसांपैकी दोघेतिघे चालत घरी गेले असतील. बाकीचे रस्ता ओलांडून दुसरे वाहन शोधत होते. एका वृद्ध बाईंच्या डोक्यावर बोचके होते आणि त्या प्रत्येक रिक्षाला तेच विचारत होत्या, "बाबा, आंबेगावला येतोस का?"

जगात जिथे ही पद्धत रुजली तिथे टोकाला आधी मान मिळाला, असे इतिहास सांगतो. ब्राझीलमधील कुरिचिबा शहराने १९७४ साली बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू केल्या. पण त्या शहराची खरी करामत अदलाबदल-स्थानकांत आहे. तिथे आतील उपनगरी बस आणि मुख्य मार्गाची बस एकाच आवारात येतात आणि प्रवाशाला दुसरे तिकीट काढावे लागत नाही. कोलंबियाची राजधानी बोगोता येथे २००० साली ट्रान्समिलेनिओ सुरू झाली. तिच्या टोकांच्या स्थानकांना पोर्ताल म्हणजे महाद्वार म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, कारण जिथे आपण मार्गाचा शेवट पाहतो तिथे त्यांनी शहराचा दरवाजा पाहिला. गरीब वस्त्या डोंगरउतारांवर, शहराच्या कडेला. तिथून हिरव्या रंगाच्या पूरक बस माणसांना पोर्तालपर्यंत आणतात आणि भाडे एकदाच द्यावे लागते. बोगोताची व्यवस्था आज गर्दीने त्रस्त आहे, हेही सांगायला हवे. परंतु ती गर्दी लोक येतात म्हणून आहे.

आपल्याकडे अहमदाबादने २००९ मध्ये जनमार्ग सुरू केला. स्वतंत्र कंपनी, बंद स्थानके, बसमध्ये चढण्यापूर्वी तिकीट, आणि मार्गिकेवर फक्त त्याच बस. अहमदाबादकरांनी पुण्याच्या चुका पाहून धडे घेतले, असे म्हणण्यास जागा आहे. पहिला येणारा बहुधा दुसऱ्याच्या शिक्षणाचा खर्च भरतो. दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा तुकडा २००८ मध्ये सुरू झाला. २०१२ साली उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला, तरी २०१५ मध्ये तो गुंडाळण्याचे ठरले आणि पुढच्या वर्षी उखडला गेला. सहा किलोमीटरच्या मार्गाला दोन्हीकडे टोकेच टोके, मध्य नाहीच. त्याने काय सिद्ध होणार होते?

पुण्याने २०१५ पासून रेनबो या नावाने दुसरा डाव मांडला. संगमवाडी–विश्रांतवाडी आणि पिंपरी-चिंचवडचे मार्ग आधीच्यापेक्षा निश्चित चांगले होते. मधोमध स्थानक, फलाटाच्या उंचीला जुळणारी बस, उजव्या बाजूने दार. नगर रस्त्याचा मार्ग २०१६ चा. मात्र अलीकडच्या वर्षांत त्याचा काही भाग वाहतूककोंडीचे कारण देऊन काढून टाकण्यात आला. कात्रज–हडपसर मार्गाचे तर आज अवशेषच पाहायला मिळतात.

माझ्या म्हैसूरच्या सहप्रवाशाला मी हुबळी-धारवाडचे उदाहरण दिले. धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, आणि जी. ए. कुलकर्णी तिथे इंग्रजी शिकवत, म्हणून मराठी वाचकाला ते परके नाही. तिथे सुमारे २२ किलोमीटरचा मार्ग २०१८ मध्ये धावू लागला. 'चिगरी' हे त्या बसचे नाव. त्या भागातील बोलीत हरीण. होसूरला लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी स्थानक बांधले गेले, जेणेकरून मुख्य मार्ग आणि बाहेरगावची वाहतूक यांचा मेळ बसावा. हा प्रकल्प, पिंपरी-चिंचवडचे मार्ग आणि म्हैसूरमधील बसच्या वेळा सांगणारी संगणकीय यंत्रणा ही तिन्ही जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या एकाच शाश्वत नागरी परिवहन कार्यक्रमाची अपत्ये आहेत. धारवाडच्या हद्दीत या मार्गाविरुद्धही नाराजी आहे. म्हणून मी त्याला यशोगाथा म्हणत नाही, पण टोकाचा विचार कागदावर आधी झाला होता, इतके खचित.

आता एक कबुली. याच काळात, मी तुलनेने कनिष्ठ असताना, एका शहराचा असाच प्रस्ताव माझ्या मेजावरून गेला होता. शहराचे नाव सांगणे उचित नाही. सविस्तर अहवालात मार्गिकेची लांबी, डांबराची जाडी, कठड्यांची संख्या, सर्व तपशील होता. अखेरच्या स्थानकासमोर 'जागा उपलब्ध झाल्यावर, पुढील टप्प्यात' असा शेरा होता. मी तो वाचला, आणि त्यावर प्रश्न उपस्थित केला नाही. आर्थिक वर्ष संपत आले होते, हप्ता सोडायचा होता, आणि जागेचा प्रश्न काढला असता तर फाइल महसूल विभागाकडे जाऊन सहा महिने तिथेच राहिली असती. पुढे आलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रात इतके किलोमीटर मार्गिका पूर्ण, एवढेच होते. किती माणसे दुसऱ्या बसमध्ये सुखाने चढली, हा रकाना त्या नमुन्यातच नव्हता. नमुना कोणी दुष्ट माणसाने केलेला नव्हता. किलोमीटर मोजता येतात, लेखापरीक्षकाला दाखवता येतात; टोकाची जागा मात्र तीन खात्यांच्या हद्दीत येते आणि म्हणून कोणाच्याच रकान्यात बसत नाही. तो पुढील टप्पा माझ्या माहितीप्रमाणे आजवर आलेला नाही.

सहप्रवाशाला मी हे सांगितले नाही. त्यांना फक्त एवढे म्हटले की बीआरटीचा शाप नसावा, तलकाडप्रमाणे इथेही बंधारा शोधावा लागेल. ते हसले. "बंधारा सापडून उपयोग काय? वाळू तर आमच्याच दारात आली ना!" म्हैसूरचे बसस्थानक येईपर्यंत मला याचे उत्तर सुचले नाही.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि त्याच दिवशी स्वारगेट ते कात्रज या भुयारी विस्ताराची पायाभरणी झाली. पेशव्यांचा नळ आणि बसच्या मार्गिका यांच्यानंतर त्याच बाजूने जाणारी ही तिसरी वाहिनी. तिचेही शेवटचे स्थानक कात्रज. पुढच्या खेपेस पुण्याला गेलो की त्या चौकात पुन्हा अर्धा तास उभे राहायचे ठरवले आहे. भोरची एस.टी. कुठे थांबणार, आंबेगावची बस कोणत्या दारासमोर लागणार, आणि पहाटे म्हैसूरहून सामानासह उतरणाऱ्या कुटुंबाला रस्ता ओलांडावा लागणार का, हे जागेवर पाहायचे आहे.